यादी मागू नका

उन्हाळा तोंडावर आला की मला निरोप यायला लागतात. ‘सुट्टीत वाचायला काहीतरी छान सुचवा ना.’ ‘डोक्याला ताप नको, मजा आली पाहिजे.’ ‘मुलगी चौथीत आहे, दहा नावं द्या.’ मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एवढं वाचता, मग एक यादी द्यायला काय होतं? यंदा एकीने त्याला शेपूट जोडलं, ‘की भाव खायचाय?’ ते लागलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पुढच्या वर्षी हेच पाठवीन.

आधी सोपं कारण. मला तुम्ही माहीत नाही. माहीत असलात तरी सुट्टीतले तुम्ही माहीत नाही. वर्षभर जाडजाड वैचारिक वाचणारा माणूस सुट्टी लागताच खुनाच्या तपासावर तुटून पडतो, आणि वर्षभर फक्त कामाचे कागद चाळणाऱ्याला एकदम आठशे पानांच्या कादंबरीत बुडी मारावीशी वाटते. तुम्ही वाचणार कधी? दुपारी पेंगत, प्रवासात, की मुलं झोपल्यावर? मन घरातल्या आजारपणात अडकलंय की खरंच मोकळं आहे? जाड पुस्तक आडवं पडून वाचता येत नाही, हात भरून येतात आणि डुलकी लागली की ते थेट नाकावर आदळतं. एवढी साधी गोष्टसुद्धा कुठल्या यादीत धरलेली नसते.

एस. आर. रंगनाथन हे गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही सूत्रं मी कित्येक वर्षं लोकांना ऐकवली आणि दर वेळी ‘त्याचं’ हा शब्द गिळून टाकला. मी देत असे ते माझं पुस्तक.

हे कारण खरं आहे, पण सोयीचंही आहे. एवढंच असतं तर मी चार प्रश्न विचारून चार नावं सांगितली असती. खरं कारण माझी भाची आहे.

ती अकरा वर्षांची होती आणि सुट्टीत महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. येताना तिने चित्रकथांचे दोन गठ्ठे आणले होते, दोरीने बांधलेले. पहिल्याच दिवशी मी ते कपाटावर ठेवले. ‘हे काय, कधीही वाचता येईल,’ म्हटलं. मग तिच्या हातात दहा पुस्तकांची यादी दिली. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायला चौकट आखलेली. पुस्तक संपलं की संध्याकाळी त्यावर गप्पा मारायच्या, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

पहिल्या आठवड्यात तिने तीन संपवली. मी हवेत. बहिणीला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. पोरगी बोलायचीही छान. एकदा म्हणाली, ‘मावशी, यातलं वातावरण फार जिवंत आहे.’ अकरा वर्षांचं पोर ‘वातावरण’ म्हणतं तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मला वाटलं, आपल्या संगतीचा गुण.

सहावं पुस्तक माझ्या लहानपणीचं सगळ्यात लाडकं. एका मुलाची आणि होडीची गोष्ट. त्या संध्याकाळी मी अधीर होते. तिला विचारलं, ‘शेवट कसा वाटला?’ ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, होडी परत येते, पण मुलगा त्यात नसतो. नुसता कुत्रा असतो. आणि सगळे किनाऱ्यावरून हाका मारतात तरी तो होडीतून उतरत नाही.

त्या पुस्तकात कुत्रा नाही.

मी आधी हसले. मग विचारलं, ‘कुत्रा कुठून आला?’ मग उठून सहाच्या सहा पुस्तकं तिच्यासमोर मांडली आणि एकेकातलं विचारत गेले. हे मी केलं. एका मुलीला जमिनीवर बसवून, सुट्टीत. एका पुस्तकाची तिने दहा-अकरा पानं वाचली होती. बाकीच्यांची फक्त मलपृष्ठं. ‘वातावरण’ तिथूनच आलं होतं. का केलंस असं, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाली, ‘मी वाचलं म्हटलं की तू किती खूश व्हायचीस.’

या वाक्यानंतर कुठल्याही शहाण्या बाईने तिला जवळ घेतलं असतं. मी म्हणाले, ‘खोटं बोलणाऱ्यांशी मी पुस्तकांबद्दल बोलत नाही.’ आणि उरलेले अकरा दिवस खरोखर बोलले नाही. बाकी सगळं बोलले. पुस्तकांबद्दल नाही.

पुढच्या सुट्टीत ती आली नाही. पोहण्याचा क्लास होता. असेलही. आज ती चोवीस वर्षांची आहे, तिचं चांगलं चाललंय, आणि ती हौसेने काहीही वाचत नाही. बहीण म्हणते, ‘ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस, तिला आठवतही नाही.’ शक्य आहे. न वाचणारी माणसं जगात कोट्यवधी आहेत आणि त्या सगळ्यांना काही मावशीने रागावलेलं नसतं. पण तो कुत्रा माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या पोरीला असा शेवट सुचतो तिला मी चूक दुरुस्त करायला बसवलं.

तेव्हाची मी आज समोर आली तर गप्प बसणार नाही, हेही सांगते. ती म्हणेल, आवडीवर सोडलं तर मुलं जन्मभर चॉकलेटच खातील. मी तिला अमेरिकेतला एक अभ्यास दाखवीन. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांनी गरीब घरांतल्या ८५२ मुलांना सलग तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२ पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनीच निवडायची होती, आणि त्यांनी गायक-नटांवरची पुस्तकंही हौसेने उचलली. २०१० मध्ये निष्कर्ष आले: ज्यांना पुस्तकं मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा या मुलांचं वाचन सुधारलं होतं, आणि फरक उन्हाळी शाळेने पडावा एवढा होता. यावर ती विचारेल, ‘वाचन सुधारलं, ठीक. पण ती पुढे वाचायला लागली काय?’ मग मी गप्प.

तिच्याकडे आणखी एक हुकमी पान आहे. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम मी आता सगळ्यांना सांगते: ५० पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल सोडा. वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. माझ्या वाट्याला ४३ येतात. शंभरी गाठलेल्याला नुसत्या मुखपृष्ठावरून पुस्तक नाकारायची मुभा आहे. नियम मला मनापासून पटतो. पण शाळेत एका बाईंनी बळेच गळ्यात मारलेलं एक पुस्तक मी सत्तर पानं दातओठ खात वाचलं होतं, आणि एकाहत्तराव्या पानानंतर मी मी राहिले नाही. नियम पाळला असता तर? म्हणून सक्ती वाईट असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझी सक्ती वाईट होती, एवढंच म्हणते. कधी कधी तेही म्हणत नाही.

तर यादी नाही. अगदीच अडलं असेल तर पुस्तक हातात घेऊन तीन ठिकाणी उघडा: सुरुवात, मधलं एखादं पान, आणि जिथे आपोआप उघडेल तिथे. उभ्या उभ्या दुसरं पान उलटलंत तर घरी न्या. ते लोकांसमोर धरायची लाज वाटत असेल तर नक्की न्या.

चित्रकथांचे गठ्ठे ती जाताना न्यायला विसरली होती, किंवा तिने मागितले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना सापडले. दोरी सोडली आणि पंख्याखाली बसून दोन दिवसांत सगळे वाचून काढले. मजा आली. शेवटच्या अंकाचं मागचं पान फाटलेलं आहे, त्यामुळे त्यातली चोरी कोणी केली ते कळलं नाही. तिला विचारायचं म्हणते. अजून विचारलेलं नाही.