अंडं नको, मैदा नको: मे महिन्यातले ओट्स ब्राउनी

ऑर्डर 80 तुकड्यांची होती. चॉकलेट-ओट्स ब्राउनी, त्यात अंडं नको आणि मैदाही नको. आर्वी तालुक्यातलं गाव, मे महिना, दुपारचा पारा 44 अंशांवर. म्हणून सकाळी सहालाच बचत गटाच्या खोलीत ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, तापायला लावला. पहिला टिन गरम असतानाच कापायला घेतला आणि सुरीखाली नुसता भुगा झाला.

चव चांगली होती, पण तुकडा धरत नव्हता. मैदा भिजला की त्यात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाची, जाळी तयार होते; ओट्समध्ये तशी जाळी होत नाही. अंड्याने ते काम केलं असतं, तर तेही काढलेलं. दुसरी चूक घाईची. ओट्सचं पीठ पाणी हळूहळू पितं. मिश्रण कालवून लगेच ओव्हनमध्ये घातलं, तर ते ओलावा भाजतानाच ओढून घेतं आणि आतला भाग रवाळ, कोरडा राहतो. ओट्सचे पदार्थ म्हणजे पथ्याचे, घशाखाली न उतरणारे, असा समज याच घाईने झालाय.

शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "जवस भिजवून पाय न पोरी, कसं चिकट होते ते." चटणीसाठी घरोघरी असणारं जवसच कामी आलं. न भाजलेल्या जवसाची बारीक पूड 2 मोठे चमचे, पाणी 6 मोठे चमचे, दहा मिनिटं ठेवलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत होतं. एवढं दोन अंड्यांच्या जागी चालतं.

मग 8 इंची चौकोनी टिनचं प्रमाण असं ठरलं: ओट्सचं पीठ 150 ग्रॅम, दही 120 ग्रॅम, दूध 30 मिली, साखर 160, कोको 40, लोणी 100, डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) 120 ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि वरचं जवस. ओट्स मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून चाळायचे. त्याआधी मूठभर चावून पाहायचे. ओट्समध्ये तेल बरंच असतं. उघडं पाकीट उन्हाळ्यात खवट होतं आणि तो कडूपणा कोकोनेही झाकला जात नाही.

ओट्स, दही, दूध कालवून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. सोडा तेव्हा घालायचा नाही. दह्याला लागताच तो फुलायला लागतो आणि वाट पाहण्यातच त्याचा जोर जातो. जवस, साखर आणि वितळवलेलं लोणी-चॉकलेट घालून झालं की कोको, मीठ आणि सोडा एकत्र चाळून शेवटी घालायचे. 170 अंशांवर 28 ते 30 मिनिटं. काडी अगदी कोरडी निघेपर्यंत थांबू नये. तिला चार ओलसर कण चिकटले की टिन बाहेर काढावा.

तिसऱ्या टिनच्या वेळी वाफेचे थेंब चॉकलेटमध्ये पडले आणि त्याचा गोळा झाला. थोड्या पाण्याने त्यातली साखर ओली होऊन एकमेकींना चिकटते. अशा वेळी गरम दूध एकेक चमचा घालून घोटलं की ते परत सैल होतं. ते दूध प्रमाणातूनच वजा केलं.

चौथा टिन आत जाऊन सहा मिनिटं झाली आणि लाइन गेली. दार उघडलं नाही, तरी मध्यभाग खचला, कारण फुगलेलं मिश्रण अजून घट्ट झालं नव्हतं. वीस मिनिटांनंतर गेली असती तर आतल्या उष्णतेवर आणि पुढच्या आठ-दहा मिनिटांत टिन सावरला असता. खचलेल्याचे तुकडे विकले नाहीत, भुग्याचेही नाहीत. दोन टिन जास्तीचे भाजले.

कापणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्ध भाग, म्हणजे कोको बटर, 34 अंशांच्या आसपास वितळतं, कंपाउंडही उन्हाळ्यात मऊच राहतं, त्यामुळे आमच्या खोलीत टिन कितीही वेळ ठेवला तरी तो घट्ट होत नाही. परातीतल्या गार पाण्यात टिन ठेवून अर्धा तास, मग फ्रिजमध्ये तासभर. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, प्रत्येक कापाला. वरून चॉकलेटचा थर मे महिन्यात नको.

देताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली: मैदा नाही म्हणजे गव्हाचा अंश नाही, असं नव्हे. शेतात, गिरणीत, पॅकिंगमध्ये ओट्सला गहू लागलेला असू शकतो. गहू सोसत नसलेल्या कुणाला यातला तुकडा द्यायचा नाही.