कोर्गालझिनचा परवाना आणि माझं मधलं नाव

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कझाकस्तानात कुठलंही कागदपत्राचं काम काढू नका, हे आधीच सांगून ठेवते. १, ७ आणि ९ मे, तिन्ही दिवस सुट्टी. त्यात शनिवार-रविवार आले की बोंबललंच. आणि मी कोर्गालझिनला गेले ती पक्षी बघायला, त्यांचा हंगाम नेमका तोच.

कोर्गालझिन गाव अस्तानाच्या नैर्ऋत्येला, साधारण १३० किलोमीटरवर. पुढे गवताळ माळ आणि तळ्यांचं राखीव क्षेत्र सुरू होतं. नाउर्झुम या दुसऱ्या राखीव क्षेत्रासकट हा मुलूख 'सार्यार्का' नावाने २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. आत मनाला येईल तशी गाडी घालता येत नाही. परवाना लागतो, सोबत त्यांचा माणूस लागतो. विमान, हॉटेल सगळं सुरळीत. भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाही लागत नाही. पण परवान्यासाठी ताटकळताना ते १४ दिवस भराभर सरतात.

घोडं अडलं ते परवाना काढून देणाऱ्या एजंटाकडे. त्याच्या फॉर्मवर तीन रकाने: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. म्हटलं, वा, आपल्यासारखंच! पण आपल्याकडे लग्नानंतर मधे नवरा येऊन बसतो. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून यांचं नाव. एजंटाने तेच वडिलांच्या रकान्यात घातलं. मग पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव निराळं दिसलं आणि साहेबांना संशय आला. हा मधला माणूस कोण? नवरा. मग त्याचा पासपोर्ट कुठे? तो पुण्यात आहे, येत नाहीये. येत नाहीये तर त्याचं नाव कशाला? हे सगळं भाषांतराच्या ॲपवर. ॲपने एकदा माझ्या तोंडी काय घातलं देव जाणे. त्याने फोन हातात घेतला, दोनदा वाचलं आणि शेजारच्या बाईला बोलावून दाखवलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. फॉर्म 'वर' गेला, सुट्ट्या लागल्या, आणि 'झाफ्त्रा', म्हणजे उद्या, हा शब्द मला पाठ झाला.

सुटलं कसं? पासपोर्टच्या फोटोखाली बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यात आहे तसंच नाव उतरवायचं आणि वडिलांचा रकाना कोरा सोडायचा. बस्स. हे त्याला पहिल्या दिवशीच सुचायला काय हरकत होती?

त्या रिकामपणात गावाजवळच्या, गुरं चरून गेलेल्या माळावर फिरले. तिथे ती टिटवी (सोशिएबल लॅपविंग) दिसली: काळी टोपी, पांढरी भुवई, पोटावर काळा डाग. नामशेष व्हायच्या बेतात असलेली ही जात आखूड गवतात घरटं करते, म्हणून गुरांच्या आसपास सापडते. हिला बघायला परवाना लागत नाही! कांड्या करकोचेही रस्त्यावरूनच दिसले.

परवान्याने मिळाली ती आतली तळी. तेंगिझचं पाणी खारट. फ्लेमिंगोंच्या जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या नैसर्गिक वसाहती इथल्या. पण ते लांब असतात, साध्या दुर्बिणीत नुसती गुलाबी रेघ दिसते. टेलिस्कोप असेल तर न्याच.

हो, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नावही परवान्यासाठी आधीच द्यावं लागलं, त्यामुळे ऐन वेळी गाडी बदलू नका. टाकी अस्तानातच फुल करा, रोख तेंगे (तिथलं चलन) जवळ ठेवा. आणि डासांचं मलम भारतातूनच न्या, भरपूर.