रिपोर्ट कुणाला जातो?

कामाला बसण्याआधी सिस्टिमचा लॉग, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, चाळायची मला खोड आहे. काही शोधायचं नसतं, नुसतं नजरेखालून घालायचं. आज त्यात काल रात्री ११:५२ची एक ओळ दिसली. आधी चिरंजीवांचं युजरनेम, मग ‘युजर नॉट इन सुडोअर्स’ (सुडो, म्हणजे सगळे अधिकार, असलेल्यांच्या यादीत हे नाव नाही), आणि शेवटी त्यांनी दिलेली कमांड: सीएचओन (फायलींचा मालक बदलणारी), मायनस कॅपिटल आर, स्वतःचं नाव आणि गेम्सची आख्खी डिस्क. बारा वाजून सात मिनिटांनी तीच ओळ पुन्हा. त्यानंतर काही नाही.

म्हणजे आमच्या लेकाने मध्यरात्री डिस्कचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घ्यायचा प्रयत्न केला. दोनदा.

पोटात धस्स झालं ते आधी बॅकअपसाठी. माझ्या कामाची एक प्रत त्याच डिस्कवर पडते. ती शाबूत होती. मग वाईट वाटायला सवड मिळाली. मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. उठवायचं ना. त्याने मला विचारायचं सोडून नेटवरून कमांड शोधली आणि चिकटवली, हेच सकाळपासून टोचतंय.

हे मशीन आम्ही दोघांनी जोडलंय, म्हणून जास्त. जुन्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती म्हणून विंडोज ११ नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ते जुनं कुणाचं होतं, मधली किती वर्षं झाकून ठेवलेलं होतं, तो विषय आज नको. नवं घ्यायचं तर एकच, दिवसा माझं काम आणि संध्याकाळी त्याचे गेम, आणि विंडोजऐवजी लिनक्सच, हे ठरलं. ग्राफिक्स कार्ड एएमडीचं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच असतो, वेगळा बसवत बसायला नको. रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या दोनच पट्ट्या, कारण डीडीआर-५ या नव्या रॅमच्या चार लावल्या की वेग उतरतो. हे सगळं त्याने मला ऐकवलं होतं. मी फक्त मान डोलावली.

केसच्या पुढच्या बटणाच्या वायरी बोर्डावरच्या त्या मुंगीएवढ्या पिनांवर बसवताना त्याने मोबाइलचा टॉर्च धरला होता. दोनदा माझ्या डोळ्यांवर, एकदा छताकडे. मग म्हणाला, “आई, तू टॉर्च धर.” आणि एका झटक्यात चारही बसवल्या. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच. तीन-चार मिनिटं. “गेला का गं?” म्हणाला, आवाज अगदी पाच वर्षांच्या पोरासारखा. मी म्हटलं, गेला नाही, रॅमशी ओळख करून घेतोय, पहिल्यांदा वेळ लागतो. हे मी आदल्या रात्रीच वाचून ठेवलं होतं, त्याला कशाला सांगू.

‘आपला कॉम्प्युटर’ हा शब्द मीच सुरू केला. आणि खाती उघडताना मी झाले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तो साधा युजर. कामाच्या फायली आहेत, दुसरं काय करणार? असं तेव्हा वाटलं. आत्ताही तसंच वाटतंय, फक्त जरा हळू आवाजात.

त्याला नेमकं काय अडलं ते शोधायला डिस्क उघडली. विंडोजचे गेम इथे प्रोटॉनमधून चालतात. २०१८ पासून ते स्टीममध्येच, म्हणजे गेम विकत घ्यायच्या-चालवायच्या अ‍ॅपमध्येच येतं. त्याच्या पोटात वाइन नावाचा प्रोग्राम असतो आणि तो प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतो. त्याची सी ड्राइव्ह, त्याची रजिस्ट्री, सगळा संसार. त्याला प्रीफिक्स म्हणतात. आणि प्रीफिक्स ज्याच्या नावावर नाही त्याला वाइन दारातूनच परत पाठवतो: हे तुमच्या मालकीचं नाही. एवढंच. गेम उघडल्यासारखा करतो आणि मिटतो.

एलएस मायनस एल, फायलींची यादी मालकासकट दाखवणारी कमांड. अकरा फोल्डर, नावांच्या जागी नुसते आकडे, आणि मालकाच्या रकान्यात अकराच्या अकरा ठिकाणी मी.

मी एकही गेम खेळत नाही. पण त्याला दाखवण्याआधी चालतंय की नाही बघावं म्हणून, तो झोपल्यावर, मी एकेक चालवून पाहिला होता. मेन्यू आला की बंद. पहिल्यांदा ज्याने चालवला त्याच्या नावावर प्रीफिक्स. त्याला सुखद धक्का द्यायच्या नादात मी त्याचे सगळे गेम माझ्या नावावर करून बसले होते, आणि वर त्यानेच विचारायला हवं होतं म्हणून मघापासून फुगून बसले होते.

मित्रांचा तो एक गेम मात्र कशानेच चालत नाही. त्यात लबाडी करणारे खेळाडू पकडणारा प्रोग्राम आहे: अ‍ॅन्टी-चीट. काही अ‍ॅन्टी-चीट २०२१ पासून प्रोटॉनवर चालतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी द्यावी लागते, आणि थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारी तर नाहीच. सगळं चालेल असं मी त्याला सांगितलं होतं. “चालेल गं” म्हणाला तेव्हा. असो.

लॉगमध्ये आणखी मागे जाणार होते. मग ते त्याच्या दप्तरात हात घातल्यासारखं वाटलं. बंद केला.

तेवढ्यात तो उठून आला. दारातच थांबला.

“आई, तो रिपोर्ट कुणाला जातो?”

“कुठला?”

“ते येतं ना. यू आर नॉट इन सुडोअर्स, धिस इन्सिडेंट विल बी रिपोर्टेड.”

“मला.”

“फक्त तुला?” त्याचे खांदे एकदम खाली आले. “मला वाटलं तुझ्या ऑफिसला जातो. मी रात्री प्लगच काढून ठेवला.”

“मग दुसऱ्यांदा कशाला केलंस?”

“पहिल्यांदा टाइप करताना चुकलं असेल असं वाटलं.”

चुकलं नव्हतं. कमांड बरोबर होती, नको इतकी बरोबर. चालली असती तर सगळं त्याच्या नावावर गेलं असतं आणि माझा बॅकअप दारात उभा राहिला असता. हे सांगितलं तर म्हणाला, “मग दोघांचं कसं करायचं?” आता विचारलंन.

गेमच्या जड फायली एका सामाईक फोल्डरमध्ये, आणि प्रीफिक्स ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये. सामाईक फोल्डरसाठी एक ग्रुप लागतो. त्याला नाव काय द्यायचं यावर वीस मिनिटं गेली. त्याने सुचवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही, पण तेच ठेवलंय. सुडो दिलेलं नाही. मागितलंही नाही त्याने.

“झालं?”

“लॉगआउट करून परत ये. ग्रुपमध्ये घातलं तरी पुन्हा आत आल्याशिवाय लागू होत नाही.”

आला. प्ले दाबलं, आणि स्टीम शेडर, म्हणजे गेमची चित्रं काढणारे छोटे प्रोग्राम, तयार करत बसलं. ३१ टक्के. ३४ टक्के. त्याची शाळेची वेळ झाली. “बंद करू नको हं,” म्हणून गेला.

आता मी युजर बदलून माझ्या खात्यात आलेय. माझ्या स्क्रीनवर साधी स्प्रेडशीट आणि पंखे विमानासारखे. साडेदहाला मीटिंग आहे. माइक म्यूट ठेवावा लागणार.