डावा गुडघा

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज प्रथम वर्षाला एंट्री शिकवली. प्रसंग साधाच. माणूस खूप वर्षांनी घरी येतो, दार सताड उघडं, आत कुणी नाही. दोघा-तिघांनी करून बघितलं, पण प्रत्येक जण आत शिरतो तो थेट रडायलाच. मला राहवेना. "थांबा, बघा," म्हणालो आणि विंगेतून स्वतःच आलो. उंबऱ्यापाशी थबकलो, चपला काढू की नको असा घोळ घातला, मग रिकाम्या खुंटीकडे बघितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. हल्ली टाळ्या वर्गातच मिळतात.

जेवणानंतर एकेकाला उभं केलं. आठांपैकी सात जण उंबऱ्यापाशी थबकले, सातांनी चपलांचा घोळ घातला आणि सातही जण आत येताना डावा पाय किंचित ओढत आले. हे कुठून आलं, तिसऱ्यापर्यंत कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. माझा गुडघा! दोन पावसाळे दुखतोय. अठरा-एकोणीस वर्षांची धडधाकट पोरं माझं दुखणं अभिनय म्हणून गिरवत होती.

नाट्यशास्त्रात भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना नाट्य शिकवतात आणि शेवटी तेच पुत्र ऋषींची टिंगल करणारी नक्कल करून शाप ओढवून घेतात. दरवर्षी ही गोष्ट सांगतो, हमखास हशा येतो. शिकवताना मुनींनी स्वतः किती करून दाखवलं असेल, हे मात्र आजवर मनात आलं नव्हतं.

अल्काझी १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. विद्यार्थ्यांसमोर त्यांनी स्वतः संडास साफ केला, असं सांगतात. तेही करून दाखवणंच. पण संडास घासण्याची हुबेहूब नक्कल झाली तर बिघडलं कुठे? आणि त्यांच्या हाताखालून गेलेले नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी बघा. एकाची चाल दुसऱ्यात सापडायची नाही.

आठवी मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे उंबराच नाही. दार उघडलं की समोर शेगडी. मी कुठे थांबू?"

मी दाखवायला अर्धा उठलोही होतो. खुर्चीचा हात घट्ट धरला आणि बसलो. "तूच बघ," म्हटलं.

ती गेली, आली, कुठेच थांबली नाही. पिशवी खाली ठेवता ठेवता रिकाम्या घरात सवयीनं हाक मारली, "आई, पाणी गेलं का गं?" उत्तर येईना तशी तिथेच उकिडवी बसली, पिशवीचे बंद हातातच.

कुणी टाळी वाजवली नाही. तिचा पाय ओढला गेला की नाही, ते बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं.