चांगदेव ते प्रकाशा: अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी घ्यायच्या आधी मालकांकडे जाऊन या

आम्हाला शेताकडच्या बॅकवॉटरसाठी तीन-चार माणसं बसतील एवढी अ‍ॅल्युमिनियमची होडी घ्यायचीये. विकणारा काय, गंजत नाही, गळत नाही, आयुष्यभर बघायला नको असंच सांगणार, म्हणून ज्यांनी चार-पाच पावसाळे वापरलीये त्यांच्याकडेच जाऊन बघू असं ठरवलं आणि मी आणि मावसभाऊ जळगावहून सकाळीच निघालो. जानेवारीतच जा, थंडी असते, हवा शांत असते आणि हतनूर धरणाच्या पाण्यावर बाहेरून आलेले पक्षीही दिसतात.

पहिला मुक्काम चांगदेव. भुसावळ सोडून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागायचं आणि आत वळायचं. तापी-पूर्णेचा संगम इथेच आहे, आणि पुढे हतनूरचं पाणी अडल्यामुळे फुगवटा लांबपर्यंत पसरलेला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत होडी बघायला जाऊच नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. धरणात गाळ भरपूर, त्यामुळे पाणी उतरलं की काठाला गुडघाभर चिखल असतो, चप्पल हातात घ्यायची तयारी ठेवा.

इथले आबा केळीवाले शेतकरी, थोडं शेत पाण्यापलीकडे, म्हणून होडी घेतलेली. साधारण 12 फूट, रिव्हेटवाली (म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी जोडलेली), पत्रा 1.6 मिमीचा. बाहेरून बघितली तर मस्त, थोडे पोचे आलेले बस. पण आबांनी तळातली ओली पोती उचलली आणि खाली पांढरी भुकटी. बोटाने पुसली तर पत्र्याला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, एका ठिकाणी तर एवढा खोल की नखाचं टोक आत जात होतं. हे कुठून आलं विचारलं तर म्हणे, "पत्र्याले काही होत नाही भो, आपण त्याच्यात जे ठेवतो ना, ते खातं त्याले." आबा पलीकडच्या केळीला पोटॅशच्या गोण्या याच होडीतून न्यायचे, आणि फवारणीचं मोरचूदही.

हे खान्देशातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातलं क्लोराइड तो थर फोडतं. मोरचुदातलं तांबं तर त्याहून वाईट, ओल्या पत्र्यावर तांब्याचे कण बसतात आणि त्यांच्याभोवती अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. वरून ओलं पोतं किंवा कार्पेट असलं की खाली हवा लागत नाही, सुकत नाही, मग काम आणखी जोरात. म्हणजे गोण्या न्यायच्याच असतील तर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये न्या, घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, पालथी घालून सुकू द्या. तांब्याच्या वायरचे तुकडे, नाणी तळात पडू देऊ नका. आणि कार्पेट चिकटवून देतो म्हणाला तर नाही म्हणा, उचलता येणारी रबरी मॅट टाका, पायाचा आवाजही कमी होतो.

आबांच्या होडीचे रिव्हेटही दोन-तीन ढिले झालेले, पण ते त्यांना फार मोठं दुखणं वाटत नाही. पाझर शोधायची त्यांची पद्धत आवडली. होडी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची, आत चार बोटं पाणी ओतायचं आणि खालून जिथे थेंब येतो तिथे मार्करने गोल करायचा. जास्त भरू नका, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तळ वाकतो. पाणी काढून सुकवलं की ढिला रिव्हेट एकाने आतून लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्याने बाहेरून ठोकून घट्ट करायचा, नाहीच बसला तर काढून नवा, सोबत मरीन सीलंट, म्हणजे पाण्यात टिकणारा चिकट मसाला.

तिथून यावल, चोपडा, शिरपूर, शहादा करत तापीकाठच्या प्रकाशाला गेलो, तिथेही एक होडीमालक आहेत. रस्त्याला केळीचे ट्रक खूप, रात्री हा रस्ता टाळा. वाटेत शेवभाजी खाल्ली, तिखट कमी करा सांगून काही फरक पडत नाही तेव्हा ताक मागवा.

प्रकाशाच्या दादांची होडी वेल्डिंगवाली, 3 मिमीचा पत्रा, जड, पण दगडावर घासली तरी बिनधास्त. तिचं दुखणं वेगळं. मागे जिथे इंजिन बसतं त्या कोपऱ्यात वेल्डच्या टोकापासून केसासारखी चीर निघालेली. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा नरम पडतो, मग इंजिनचा हादरा सगळा तिथेच. दादांनी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढे सरकत नाही, मग आर्गन वेल्डिंगवाल्याकडून (आर्गन वायू वापरून वेल्डिंग करणारा) भरून घेतली आणि आतून पट्टी मारली. साध्या वेल्डिंगच्या दुकानात देऊ नका. मागे इंजिन ज्यावर अडकवतात ती प्लायवूडची फळीही त्यांनी बदलली, वरून रंग चांगला होता, बोल्ट काढल्यावर आतून भुसा. घेताना त्या फळीवर अंगठा दाबा, हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा, बद्द आवाज आला की आत सडलंय. सीटखालचा फोमही बघा, त्यात पाणी शिरलेलं असेल तर होडी विनाकारण जड लागते.

पत्र्याचं मटेरियल लिहून घ्या. 5052 किंवा 5083 हे मिश्रधातूचे नंबर, म्हणजे पाण्यासाठीचं. गावातला फॅब्रिकेटर हार्डवेअरच्या दुकानातला नरम पत्रा लावून स्वस्तात देतो, दिसायला सारखाच, म्हणून मिल टेस्ट सर्टिफिकेटची (पत्रा बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणीचा दाखला) कॉपी मागायची, द्यायला कां-कूं केलं तर निघून या. 2 मिमीच्या आतला पत्रा नीट वेल्ड करणं अवघड असतं, तो रिव्हेटचाच बरा.

आम्ही 2 मिमीची रिव्हेटवाली घ्यायची ठरवलीये, कारण गाळात ओढताना हलकी पाहिजे. तुमच्याकडे काठ दगडाचा, मुरमाचा असेल तर वेल्डिंगवालीचा विचार करा.

होडी पाण्यात घालण्याआधी पाटबंधारेच्या ऑफिसात विचारून घ्या, मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीलाही सांगा, त्यांची जाळी इंजिनच्या पंख्यात अडकली की नुकसान दोघांचं. लाइफ जॅकेट काठावरच घालायचं. दुपारनंतर वारा सुटतो, तोवर काठाला या. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे कधी किती उघडतील सांगता येत नाही, तेव्हा पाऊस सुरू झाल्यापासून होडी वर काढून सावलीत पालथी ठेवा, आणि बुडाचा बुच काढून ठेवायला विसरू नका.