सोहो ते व्हॉक्सहॉल : वर्ध्याकडून लंडनला निघालेल्या मुलांसाठी

आमचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे. सेवाग्राम इथले, म्हणून ही बंदी आली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हातभट्टी कुठेच पूर्ण थांबली नाही, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दारूपायी घरे बुडताना पाहिलेल्या बायकांनी आमच्या तालुक्यात काढलेल्या मोर्चांत माझी आईसुद्धा चाललेली आहे, आणि तिच्या त्या चालण्याचा मला अभिमान वाटतो. मी स्वतः दारू घेत नाही. असे असूनही मी आज बारांविषयी सविस्तर लिहिणार आहे, कारण समलिंगी माणसांच्या इतिहासात बार ही पिण्याच्या जागेपेक्षा बसण्याची जागा म्हणून फार मोठी गोष्ट आहे.

समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला जाणारी मुले-मुली आता आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांतूनही निघतात. त्यांतली काही जण जाण्याआधी घरी येतात, खोलीचे भाडे आणि थंडीचे कपडे यांविषयी विचारतात आणि निघता निघता खरा प्रश्न काढतात. यंदा पेरण्या आटोपल्यावर आलेल्या एका मुलाने तो असा विचारला : ‘भाऊ, तिकडं आपल्यासारख्या पोरांचे बार रायते म्हणे. एकट्यानं गेलं तं चालते का?’ चालते. मात्र कुठे जायचे, हे त्या शहराच्या कोणत्या वस्तीत आपण उभे आहोत यावर ठरते, कारण तिथली प्रत्येक वस्ती वेगळ्या काळात, वेगळ्या भाड्यात आणि वेगळ्या भीतीत घडलेली आहे.

सुरुवात सोहोपासून करावी. टॉटनहॅम कोर्ट रोड किंवा लेस्टर स्क्वेअर स्टेशनात उतरून चालत काही मिनिटांत ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर पोहोचता येते. रस्ता लहानसा आहे. संध्याकाळी सहानंतर माणसे हातात पेला घेऊन पबच्या बाहेर फुटपाथवरच उभी असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आत शिरण्याचे धैर्य झाले नाही तरी नुसते चालत जाता येते. दोन पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून रस्ता ओलांडत आहेत आणि कोणीही वळून पाहत नाही, हे दृश्य आपल्याकडून गेलेल्या मुलासाठी आतल्या संगीतापेक्षा आणि दिव्यांपेक्षा महत्त्वाचे असते. कॉम्प्टन्स हा पब १९८६ पासून समलिंगी लोकांचा आहे. तिथे वयाने मोठी माणसेही बसलेली असतात. साठीच्या पुढचा, उघडपणे समलिंगी असलेला, सुखाने वर्तमानपत्र वाचणारा माणूस मी आयुष्यात प्रथम सोहोत पाहिला. आपल्याकडे अशी माणसे नाहीत असे नाही, पण त्या वयापर्यंत ती बहुधा कोणाचे तरी आजोबा होऊन गप्प झालेली असतात.

याच रस्त्यावर अ‍ॅडमिरल डंकन हा पब आहे. ३० एप्रिल १९९९ च्या शुक्रवारी संध्याकाळी तिथे खिळे भरलेला बॉम्ब फुटला, तिघांचा जीव गेला आणि अनेक जण जबर जखमी झाले. बॉम्ब ठेवणारा तरुण नवनाझी विचारांचा होता. त्याआधीच्या दोन आठवड्यांत त्याने कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या ब्रिक्स्टनमध्ये आणि बांगलादेशी लोकांच्या ब्रिक लेनवर असेच बॉम्ब ठेवले होते. द्वेष करणाऱ्याला आपण सगळे एकाच यादीत दिसतो, हे त्या क्रमावरून लक्षात येते. पब दुरुस्त होऊन पुन्हा उघडला आणि आजही चालू आहे. तिथे गेलात तर मृतांच्या स्मरणार्थ लावलेले झुंबर जरूर पाहावे.

सोहोच्या कडेला, एंडेल स्ट्रीटवर, १९३४ मध्ये कॅरॅव्हान नावाचा एक तळघरातला क्लब होता. पोलिसांनी त्यावर छापा घालून शंभरावर माणसे धरली. पुढे १९६७ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण ‘खासगी’ची व्याख्या इतकी अरुंद होती की उघड्यावर भेटणे धोक्याचेच राहिले. सोहोतले आजचे मोकळेपण अशा छाप्यांना तोंड दिलेल्या माणसांनी मिळवलेले आहे. म्हणूनच तिथे आत जाताना आपण कोणाच्या तरी मेहरबानीने आलो आहोत असे वाटून घेऊ नये.

सोहो महाग आहे. तिथली गर्दी आता बरीचशी पर्यटकांची आहे आणि खरी ओळखपाळख तिथे कमी होते, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला बारची भीती वाटते त्याने आधी दिवसाउजेडी ब्लूम्सबरीतल्या मार्चमाँट स्ट्रीटवरच्या ‘गेज द वर्ड’ या पुस्तकांच्या दुकानात जावे. ते १९७९ पासून चालू आहे, विद्यापीठांच्या अगदी जवळ आहे आणि तिथे काही विकत घेतले नाही तरी कोणी उठवत नाही.

टेम्स नदी ओलांडून दक्षिणेला गेले की व्हॉक्सहॉल लागते, आणि मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते इथल्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्नविषयी. ही इमारत १८६० च्या दशकाच्या आरंभीची आहे. नेमक्या त्याच वर्षांत इंग्रजांनी आपल्याकडे भारतीय दंड संहिता आणली आणि तिच्यात कलम ३७७ घातले. ते कलम समलिंगी संबंधांपुरते रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. इमारत आणि कलम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्या गोल कोपऱ्याच्या पबसमोर उभे राहिल्यावर मला दोन्ही एकदम आठवले आणि बराच वेळ आत जावेसे वाटले नाही.

या पबचा प्राण म्हणजे ड्रॅग. पुरुष कलावंत स्त्रीवेश करून गातात, विनोद सांगतात, समोरच्यांची फिरकी घेतात आणि राज्यकर्त्यांनाही सोडत नाहीत. आपल्याकडच्या खडीगंमतीत नाच्या जे करतो त्याच्याशी याचे नाते मला पहिल्याच रात्री जाणवले. फरक इतकाच की इथे कार्यक्रम संपल्यावर कलावंताला आपण कोण आहोत हे लपवून घरी जावे लागत नाही. पॉल ओग्रेडी हे कलावंत ऐंशीच्या दशकात इथे ‘लिली सॅव्हेज’ या रूपात कार्यक्रम करत. १९८७ च्या जानेवारीत पोलिसांनी इथे छापा घातला तेव्हा एड्सच्या भीतीने हातांत रबरी मोजे चढवले होते. त्या रात्री पकडलेल्यांत ओग्रेडीही होते. त्या काळात आजारी मित्रांना इस्पितळात भेटणारी, अंत्यविधीसाठी पैसे जमवणारी माणसे याच पबमध्ये बसून ही कामे ठरवत. पुढे जागा विकली गेल्यावर नेहमीच्या मंडळींनी लढा दिला आणि २०१५ मध्ये या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. समलिंगी समाजाच्या इतिहासातले स्थान हे कारण देऊन असा दर्जा मिळालेली ही ब्रिटनमधली पहिली इमारत आहे.

व्हॉक्सहॉलच्या रेल्वे कमानींखालच्या क्लबांत रात्र पहाटेपर्यंत चालते, आणि इथे एक गोष्ट मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. ‘जी’ नावाचे एक नशेचे द्रव तिथे काही जण घेतात. त्याच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी माणूस बेशुद्ध होऊ शकतो, आणि दारूबरोबर ते घेतल्यास जीवही जाऊ शकतो. कोणी प्रेमाने दिले तरी घेऊ नये आणि आपला पेला नजरेआड करू नये.

उत्तरेकडचे कॅम्डन आपल्या मुलांच्या नकाशात वेगळ्याच कारणाने असते. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनपासून जवळ, किंग हेन्रीज रोडवर, १० क्रमांकाचे घर आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना तिथे राहिले, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. आपल्याकडून गेलेले प्रत्येक मूल तिथे जाऊन डोके टेकवते. त्याच लाइनवर पुढचे स्टेशन कॅम्डन टाउन, आणि तिथल्या हाय स्ट्रीटवर ब्लॅक कॅप हा ड्रॅगसाठी अनेक दशके गाजलेला पब होता. ज्या वर्षी शासनाने ते घर घेतले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हा पब बंद झाला. त्यानंतर त्याचे जुने गिऱ्हाईक दर शनिवारी बंद दारासमोर उभे राहून जागा परत मागत राहिले. मी त्या घरातून निघून चालत त्या दारापर्यंत गेलो आहे. आंबेडकरी घरातल्या समलिंगी मुलाला या दोन ठिकाणांपैकी एक निवडायला सांगणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. त्यांचे ऐकू नये. जागा मिळवण्यासाठी माणसांनी एकत्र येणे काय असते, हे महाडच्या तळ्याचा इतिहास शिकलेल्या मुलांना कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पूर्व लंडन, म्हणजे शोर्डिच, डॉल्स्टन, हॅकनी, हा तरुणांचा आणि चित्रकार-कलावंतांचा भाग. डॉल्स्टन सुपरस्टोअर २००९ पासून तिथे आहे. कपडे कसेही चालतात, वयाने लहान असलेल्यांना तिथे सोहोपेक्षा सोपे जाते. हॅकनी रोडवरचा जॉइनर्स आर्म्स २०१५ च्या आरंभी बंद पडला, कारण जमीन बांधकामवाल्यांना हवी होती. पण इथल्या लोकांनी नगरपालिकेकडे असा रेटा लावला की नव्या इमारतीत समलिंगी लोकांसाठी पबची जागा ठेवण्याची अट २०१७ मध्ये बांधकाम परवान्यात घातली गेली. शहरभर मात्र चित्र वाईटच होते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासानुसार २००६ मध्ये लंडनमध्ये अशा १२५ जागा होत्या, त्या २०१७ पर्यंत ५३ उरल्या. वाढलेली भाडी आणि जमिनीचे भाव हे त्यामागचे मोठे कारण होते. मोबाइलवर भेटणे सोपे झाले म्हणून बार बंद पडले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. मोबाइल आमच्या गावातही आहे. त्यावर माणूस भेटतो, पण चार जणांनी मिळून बसायला जागा मिळत नाही, आणि भेट ठरली तरी ती एसटी स्टँडच्या मागे किंवा कोणाच्या वावरात, कोणी पाहिले तर काय सांगायचे याची तयारी करून होते. फसवून बोलावणे, मारहाण करणे, पैसे उकळणे हे प्रकार अशाच आडजागी घडतात.

बायकांसाठीच्या जागा नेहमीच कमी राहिल्या. चेल्सीतला गेटवेज हा अनेक दशके चाललेला क्लब १९८५ मध्ये बंद झाला. सोहोत २०१४ मध्ये उघडलेला शी हा बार अनेक वर्षे त्या भागातले एकमेव ठिकाण होता. आपल्याकडून जाणाऱ्या मुलींनी हे आधी जाणून असावे, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे पुरुषच पाहून निराशा येणार नाही.

दक्षिण आशियाई लोकांच्या रात्री वेगळ्या. टफनेल पार्कच्या डोम या सभागृहात १९९५ मध्ये डीजे रितू आणि रीता यांनी क्लब काली सुरू केला. भांगडा, हिंदी चित्रपटसंगीत, अरबी ठेके, आणि साडी नेसून आलेले, दाढी राखलेले, हिजाब घातलेले लोक एकाच ठिकाणी नाचताना दिसतात. इथे मला आयुष्यात पहिल्यांदा शरीर सैल सोडून नाचता आले. इतर वस्त्यांतल्या बारांत आपला रंग कधी कुतूहलाचा तर कधी टाळण्याचा विषय होतो, तो भार इथे उतरतो. पण जात इथेही पोहोचलेली आहे. अशाच एका देशी रात्री पुण्याच्या एका मुलाने छान गप्पा मारल्या, मग आडनाव विचारले, आणि ते ऐकल्यावर तो मित्रांकडे गेला तो परत आला नाही. हे आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येईल. आले तर त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये आणि त्या नाचाच्या जागेवरचा हक्कही सोडू नये.

आता व्यवहाराचे. दारावर वयाचा पुरावा मागतात, म्हणून फोटो असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. पासपोर्ट मात्र रोज खिशात घेऊन फिरू नये. न पिणाऱ्याने ‘लाइम अँड सोडा’ मागावा. तो सर्वांत स्वस्त असतो आणि तो मागितल्यावर कोणी नाक मुरडत नाही. पबमध्ये बहुतेक वेळा प्रवेश फुकट असतो, क्लबला तिकीट असते, आणि लवकर गेल्यास ते कमी पडते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री व्हिक्टोरिया, नॉर्दर्न, सेंट्रल, ज्युबिली आणि पिकॅडिली या लाइनींवर भुयारी रेल्वे रात्रभर चालते, त्यामुळे व्हॉक्सहॉल आणि टफनेल पार्कहून परतणे सोपे आहे. इतर दिवशी रात्रीची बस पकडावी. सोहोतल्या डीन स्ट्रीटवर ५६ क्रमांकाला लैंगिक आरोग्याचा सरकारी दवाखाना आहे. एचआयव्हीची तपासणी आणि गरज पडल्यास उपचार विद्यार्थी-व्हिसावरच्या माणसालाही फुकट मिळतात, संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या प्रेप या गोळ्याही तिथल्या सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळतात, आणि यातले काहीही घरी कळवले जात नाही. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच तिथे नाव नोंदवून ठेवावे. बारला पहिल्यांदा जायचे तर मंगळवार किंवा बुधवार निवडावा. त्या दिवशी गर्दी नसते, बारवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो, आणि कोपऱ्यातले टेबल बहुधा रिकामे असते.