तुम्ही विचारलंत म्हणून: नवा कोयता आणल्यावर आधी काय बघायचं?

लोहाराकडून घडवून आणलेला कोयता हातात आला की बहुतेकजण धारेवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "चांगला आहे ना?" धार सगळ्यात शेवटी बघा. ती घरी लावता येते. पाणी (तापवलेलं पातं बुडवून कडक करणं) चुकलं असेल, पात्याला तडा असेल किंवा मूठ ढिली असेल, तर ते घरी निस्तरत नाही. कोयता परत करायचा तर वापरायला घेण्याआधीच करावा लागतो.

हातोड्याचे ठोके, काळी खपली, थोडी वाकडीतिकडी पाठ यांना दोष मानू नका. कोकणात घरगुती कोयते बरेचदा ट्रकच्या कमानपाट्यातून घडवतात. ते पोलाद चिवट असतं, दणके सोसतं. मुठीजवळ पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. सगळीकडे सारखीच जाड असेल तर कोयता पुढे जड होतो आणि मनगट लवकर भरून येतं.

आता तडा. पात्याला तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. पाणी देताना चीर पडली असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पुडीवर बारीक ओली रेघ उमटते. अशी रेघ धारेकडून पाठीकडे जाताना दिसली तर तो कोयता घेऊ नका. वार करताना पातं तिथूनच तुटतं.

खरी परीक्षा पाण्याची. जाणता लोहार सगळं पातं बुडवत नाही, धारेकडचा भागच बुडवतो. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. कडक झालेली धार काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून ती पुन्हा हलकी तापवून पाणी उतरवावं लागतं, म्हणजे कडकपणा थोडा कमी करावा लागतो. घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. कोयत्याला तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान थांबावं लागतं, म्हणजे साधारण 250 ते 280 अंश सेल्सिअस. तुमच्या हातात येईपर्यंत हे रंग बहुधा घासून गेलेले असतात, तेव्हा कानस घ्या. पाठीवर ती सहज चावली पाहिजे, धारेवर चावताना अडली पाहिजे. धारेवरही पाठीइतकीच सहज चावली, तर पाणी बसलेलं नाही. नुसती घसरली, तर धार फार कडक आहे, टवके उडतील.

ग्राइंडरवर घासताना धारेवर निळा डाग पडला असेल तर तेवढ्या जागी पाणी उतरलंय. पण एवढ्यासाठी कोयता टाकून देऊ नका. डाग बहुतेक वेळा वरवरचा असतो. ओल्या दगडावर एक-दोन मिलिमीटर घासलंत की खालचं चांगलं पोलाद लागतं. पहिल्या धारेवरून कोयत्याला नावं ठेवणं मला अजिबात पटत नाही, ते याचसाठी.

मूठ लंबगोल हवी. गोल मूठ घामेजल्या हातात फिरते आणि वार तिरका जातो. पातं जाड फडक्यात धरून मूठ पिळून बघा. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरची कडी सैल होते. ती पाण्यात भिजवून घट्ट करायचा उपाय वाळेपर्यंतच टिकतो, आणि मुठीच्या आत गेलेली पात्याची शेपटी गंजते ती वेगळीच.

एवढं जमलं तर वाळलेल्या बांबूच्या पेरावर दहा-बारा वार करा आणि धार उजेडात तिरकी धरा. धड धार चमकत नाही. चमकणारा ठिपका दिसला तर तिथे धार वळली आहे, अर्धचंद्रासारखी खाच दिसली तर तुटली आहे. दोन-तीनदा नीट धार लावूनही हेच होत असेल, तर पाण्यात खोट आहे. कोयता घेऊन लोहाराकडे जा, तो पुन्हा पाणी देऊ शकतो.

धार लावताना धारेचा आधीचा उतार एका बाजूला आहे की दोन्ही, ते बघून तसाच ठेवा. दोन्ही बाजूंना असेल तर दर बाजूला दगड आणि पात्यातला कोन असा मोजा: कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश होतात, त्याहून किंचित जास्त ठेवा. सरळ भागाला सपाट दगड चालतो. टोकाच्या आकड्यात तो टेकत नाही, तिथे अर्धगोल कानस किंवा गोल कडेचा दगडच लागतो.

फणसाला लावण्याआधी पात्यावरचं लोहाराचं काळं तेल साबण आणि गरम पाण्याने धुवून टाका, लगेच पुसा आणि खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तेलानेच सुटतो. आंबट लागून पातं काळवंडलं तर राहू द्या. तांबूस गंज मात्र दिसला की त्याच दिवशी घासून काढा. पावसाळ्यात कोयता कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं. कमरेच्या आकडीत अडकवून रानात नेलात तरी घरी आल्यावर पुसून, तेल लावून उघडाच टांगा.